कागदापुरती सून

बेडसे, ता. मावळ
१४ जुलै २०२४

चि. प्रेरणा,

तुझ्या आबाचा आशीर्वाद. होस्टेलचा पत्ता तुझ्या बापाने, निलेशने, सांगितला तसा लिहिला आहे. चुकला असेल तर पत्र तुला मिळणार नाही, आणि मिळालं नाही हेही मला कळणार नाही. म्हणून मिळाल्याबरोबर उत्तर लिही.

फोन करा म्हणशील. पण फोनवर तू बोललीस की मला फक्त फोडणी तडतडल्यासारखं ऐकू येतं. मग तुझी आई माझ्या कानाशी ओरडते, "ती बरी हाय म्हनती." एवढं लांबलचक बोलणं आणि त्यातून माझ्या वाट्याला तेवढंच. सातवीपर्यंत शिकलो ते म्हातारपणी तरी कामाला यावं.

पोरी, त्या पुण्यातल्या सहीचा मला घोर लागला आहे. धवलच्या वडिलांनी, श्रीपादरावांनी, तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. "आबा, धवल जर्मनीत. बायको म्हणून व्हिसा मागायचा तर आधी सरकारी दाखला लागतो. म्हणून ही नोंदणी उरकून घ्यायची. खरं लग्न दिवाळीनंतर, तुमच्या दारात मांडव घालून." मला पटलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. साहेबाने तुम्हा दोघांना काहीतरी वाचायला लावलं, धवलने मध्येच घड्याळ बघितलं, एक फोटो निघाला आणि टपरीवर चहा पिऊन तू आपल्या घरी आलीस, तो विमानतळावर गेला. आठवड्याने तू आईबरोबर भाताच्या आवणीला खाचरात उतरलीस. अंगाला हळद नाही, गळ्यात काही नाही. तुझं लग्न झालं की व्हायचं आहे, हे मला कुणी धड सांगत नाही.

निलेशने बजावलं आहे की गावात बोलायचं नाही. "लोकं म्हनतील, आमाला सोडून लगीन उरकलं." तेही खरं आहे. पण काल पारावर महिपती म्हणाला, "आबा, नात कुटं असती?" मी म्हणालो, पुण्याला, शिकती. तर म्हणतो, "अजून शिकती? तिच्या वर्गातल्या पोरी आता पोरांना शाळंत सोडाया जात्यात." मी खाली मान घालून तंबाखू मळत बसलो.

हल्ली एक काम अंगावर घेतलं आहे. घरच्या तांदळातून अक्षतांसाठी अख्खे दाणे निवडतो. तुझी आई हसते, म्हणते अक्षता निवडून कोण टाकतं. मी म्हणालो, परदेशी जाणारी पोर आहे, तुटका दाणा डोक्यावर पडायला नको. बरणी अर्धी झाली आहे.

तिकडे थंडी फार असते म्हणतात. पायात मोजे घालून झोपायची सवय आत्तापासून कर.

कोंडाजी


पुणे
२३ जुलै २०२४

आबा,

पत्र पोचलं. पत्ता बरोबर आहे, फक्त तुम्ही माझ्या नावापुढे "कुमारी" लिहिलंत. होस्टेलच्या बाईंनी मला विचारलं, "फॉर्मवर तर सौभाग्यवती आहेस." मी म्हणाले, आमच्या घरी दोन्ही चालतं.

जर्मनचा क्लास रोज असतो, नमस्काराला गुटन टाग म्हणायचं. सगळ्यात आधी स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात, कारण परीक्षेत तेच पहिलं विचारतात. नाव, गाव, भाषा, आणि लग्न झालंय की नाही. वर्गात बहुतेक मुली माझ्यासारख्याच, नवरा तिकडे नि त्या इकडे. पण सगळ्यांच्या गळ्यात मंगळसूत्र. माझी पाळी आली तेव्हा सवयीने तोंडातून निघून गेलं, अविवाहित. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "प्रेरणा, नवऱ्याला कळलं तर काय म्हणेल?" सगळ्या हसल्या. मग मी नीट म्हणाले, इश बिन फेरहायराटेट. म्हणजे माझं लग्न झालं आहे. आबा, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि तेही जर्मनमध्ये. मराठीत बोलायची परवानगी नाही.

बाकी तयारी जोरात आहे. तिकडे कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकतात, कुठला कशात ते मी पाठ केलंय. रविवारी मिक्सर लावला तर शेजारचे तक्रार करतात. सायकल यायलाच हवी असं धवल म्हणाला, म्हणून होस्टेलच्या गल्लीत इंद्रायणीची सायकल घेऊन शिकते. इंद्रायणी म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, तळेगावची. दोनदा पडले. धवल रविवारी फोन करतो. त्याने स्वयंपाकघराचा फोटो पाठवलाय, खिडकीतून एक झाड दिसतं. त्याचं नाव विचारलं तर म्हणाला, झाड आहे.

परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी. ती पास झाले की व्हिसाचा अर्ज. मोजे घालून झोपते. घाम येतो.

तुमची प्रेरणा


बेडसे
२५ ऑगस्ट २०२४

चि. प्रेरणा,

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. पडलीस ते वाचलं नाही.

लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर मी बसलेलो असताना एक गोरं जोडपं आलं. तू लिहिलेलं आठवून मी म्हणालो, गुटन टाग. बाई खूश झाली, हात जोडले, पण ते निघाले फ्रान्सचे. त्यांच्याबरोबरच्या पोराने सांगितलं. तरी मी त्यांना विचारून घेतलं की तिकडे नव्या सुनेला लोक नीट वागवतात का. त्या पोराने काय सांगितलं देव जाणे, ते दोघे हसून पुढे गेले.

आता मुद्द्याचं लिहितो, रागावू नको. परवा श्रीपादराव गाडी घेऊन आले होते. चंद्रिकाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं आहे. घरी दुसरं कुणी नाही. म्हणाले, "प्रेरणाला महिनाभर लोणावळ्याला पाठवा. कायद्याने ती आमची सून आहे. सून असताना परकी बाई कशाला ठेवायची?" निलेशची नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत दुसरी पाळी होती, तो घरी नव्हता. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हो म्हणालो.

तू जा. परक्या मुलखात जायच्या आधी सासूची ओळख झालेली बरी.

कोंडाजी


पुणे
३१ ऑगस्ट २०२४

आबा,

परीक्षा त्याच महिन्यात आहे हे तुम्हाला माहीत होतं. मी लिहिलं होतं.

आणि दुसरं. दिवाळीनंतर मांडव पडणार, मग मी त्यांच्या घरात जाणार, असं तुम्हीच सांगितलं होतं. मांडवाआधी मी तिथे राहिले तर गावात काय सांगाल? लग्न झालं म्हणून सांगणार असाल तर मी उद्या जाते. तसं सांगा पारावर. महिपतीकाकांनाच सांगा.

बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, "आबांनी शब्द दिलाय, आता माजं काय हाय." धवलला विचारलं. तो म्हणाला, आईला बरं वाटेल.

प्रेरणा


बेडसे
४ सप्टेंबर २०२४

चि. प्रेरणा,

गावात कसं सांगता येईल? तू पुण्यालाच आहेस असंच आम्ही म्हणू.

परीक्षा परत देता येते. इंद्रायणीच्या भावाला मी कामशेतला भेटलो तेव्हा विचारून घेतलं, दर दोन महिन्यांनी असते. पण सासूच्या ऑपरेशनला सून नव्हती, ही गोष्ट माणसं जन्मभर काढतात. मळवलीच्या बंगल्यावर मी अख्खी उमर राखण केली. मालकाने सांगितलं आणि मी नाही म्हणालो, असं एकदाही झालं नाही. म्हणून तर टिकलो. तुला दूर जायचं आहे. तिकडे आम्ही कुणी नसू, ही माणसंच असतील. त्यांचं मन राखून ठेव.

स्वप्नात तू स्टेशनवर उभी दिसलीस आणि गाडीला दार नव्हतं. त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. लवकर जा आणि गेल्याचं कळव.

कोंडाजी


लोणावळा
१९ ऑक्टोबर २०२४

आबा,

उशिरा लिहितेय. काम असतं.

घर छान आहे, मागे फणसाची दोन झाडं आहेत. सासूबाई आता काठी घेऊन हॉलपर्यंत चालतात. त्यांच्या भिशीच्या बायका येतात, माझ्या हातच्या चहाचं कौतुक करतात. महिन्याचे दोन होत आले पण डॉक्टर म्हणतात अजून जपायला हवं. परीक्षा झाली. म्हणजे ज्यांनी दिली त्यांची झाली. मी भाकऱ्या थापताना पाठ केलेलं म्हणत असते, सासूबाई म्हणतात, "काय गं पुटपुटतेस, जप करतेस का?"

धवल रोज फोन करतो. सासूबाईंना. त्या बोलून झाल्या की फोन माझ्याकडे देतात, तेव्हा त्याची मीटिंग सुरू होते.

तुम्ही इकडे येऊ नका. रस्त्यापासून चढ आहे, तुमच्या पायांना झेपणार नाही.

प्रेरणा


बेडसे
२२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणा,

तू नको म्हणालीस तरी मी आलो होतो, ते तुला माहीतच आहे. नवीन तांदूळ निघाला, नातीच्या सासरी पहिली पायली पोचवायची म्हणून आलो. दिवाळी झाली तरी तारखेचं कुणी बोलत नव्हतं, तेही विचारायचं होतं.

फाटकापाशी एक बाई भेटली, भिशीची असावी. म्हणाली, "बाबा, कुणाकडे?" मी म्हणालो, प्रेरणाकडे. "ती चंद्रिकाकडे कामाला आहे ती? गुणी पोर आहे हो. आम्हाला पण अशी एक बघून द्या ना गावाकडून." मला वाटलं माझ्या कानांनी दगा दिला. परत विचारलं. तिने मोठ्याने परत तेच सांगितलं.

पुढच्या दाराशी गेलो तर चंद्रिकाबाई खिडकीतून म्हणाल्या, "मागून या आबा, पुढची फरशी ओली आहे." मी मागून आलो. पोतं स्वयंपाकघरात ठेवलं. बंगल्यावर होतो तेव्हा मागच्याच दाराने जायचो, त्याचं मला काही नाही. पण हॉलमध्ये चार बायका बसल्या होत्या, तू चहाचा ट्रे घेऊन माझ्यासमोर आलीस, कप दिलास, आणि मला आबा म्हणाली नाहीस. "घ्या बाबा" म्हणालीस. जसं कुणाही म्हाताऱ्याला म्हणावं.

चहा गोड होता. एवढंच लिहितो.

कोंडाजी


पुणे
२९ नोव्हेंबर २०२४

आबा,

तुमचं पत्र लोणावळ्याहून फिरून आलं तेव्हा मी होस्टेलला परत आलेली होते. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. सासूबाई म्हणाल्या, "अर्धवट टाकून चाललीस?" मी म्हणाले, व्हय. असंच म्हणाले, आपल्या भाषेत.

तुम्हाला आबा का म्हणाले नाही ते सांगते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. "हे बघ, लग्न व्हायचंय. तोवर सून म्हणून ओळख करून दिली तर लोक विचारतील, पत्रिका कुठे आली. त्यापेक्षा गावाकडची मुलगी, मदतीला आलीय, असं म्हणू. चारचौघांत नातं काढायचं नाही." स्वयंपाकघरात मी सून होते. सूनबाई, दूध उतू जातंय. सूनबाई, पाय चेप. दाराचा पडदा ओलांडून हॉलमध्ये गेले की मी गावाकडची मुलगी. सवय झाली. तुम्हाला बघून तोंडातून आ निघाला होता, तो मी गिळला.

पण आबा, तुम्हाला वाईट कशाचं वाटलं? बेडशात तुम्ही हेच करता. तिथे मी पुण्याला शिकते. इकडे मी चंद्रिकाबाईंकडे कामाला असते. दोन्ही गावांत माझं लग्न झालेलं नाही, आणि सरकारदरबारी झालेलं आहे, तुमच्या सहीसकट.

डिसेंबरच्या परीक्षेला बसतेय. आता कुणाचा गुडघा दुखला तरी मला कळवू नका.

प्रेरणा


बेडसे
१२ डिसेंबर २०२४

श्री. श्रीपादराव यांस,

रामराम. चंद्रिकाबाईंची तब्येत सुधारत असेल. गरिबाच्या अक्षराला हसू नये.

दिवाळी होऊन गेली. आपण दिवाळीनंतर मांडव म्हणाला होता. प्रेरणा परीक्षेला बसत आहे. धवलराव कधी सुट्टी काढून येणार ते कळलं तर ब्राह्मणाकडून तारीख काढता येईल. मांडवाचा माणूस आधी सांगावा लागतो. जेवणाचं आम्ही बघू, आपण कशाचीही काळजी करू नये. पोर चुकून मध्येच निघून आली असेल तर लहान आहे म्हणून पोटात घालावं.

मी अक्षतांचे तांदूळ निवडून ठेवले आहेत. बरणी भरली आहे.

आपला
कोंडाजी


लोणावळा
९ जानेवारी २०२५

श्री. कोंडाजीआबा यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोचले. उत्तरास विलंब झाला, कारण या विषयावर धवलशी सविस्तर बोलणे आवश्यक होते. ते झाले. मोकळेपणाने लिहितो, गैरसमज नसावा.

सहा महिन्यांत मुलांचे सूर जुळले नाहीत असे धवलचे मत आहे. चंद्रिकेलाही प्रेरणाला घराची ओढ वाटते असे दिसले नाही. परदेशातला संसार अवघड असतो, तिथे जुळवून घेणारी मुलगी लागते. अशा स्थितीत पुढे जाण्यापेक्षा इथेच थांबणे दोघांच्या हिताचे आहे.

आपल्याकडे विधी झालेला नाही, मांडव पडलेला नाही. नोंदणी ही केवळ तांत्रिक बाब होती, हे आपण जाणताच. आपल्या गावात याची वाच्यता झालेली नाही, आणि आमच्याकडेही नाही. त्यामुळे मुलीला पुढे कोणतीही अडचण येणार नाही. आपण दाखवलेल्या या शहाणपणाबद्दल मला आदर आहे. कायद्यानुसार नोंदणीला एक वर्ष झाल्याशिवाय परस्परसंमतीचा अर्ज करता येत नाही, तेवढे थांबावे लागेल. जुलैमध्ये वकिलांकरवी कळवतो.

तांदूळ उत्तम होते.

आपला,
श्रीपाद


बेडसे
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणा,

श्रीपादरावांच्या पत्राबद्दल निलेशने तुला फोनवर सांगितलं. तू काय म्हणालीस ते मला कुणी नीट सांगत नाही. तुझी आई नुसती पदर तोंडाला लावते.

मी गप्प बसलो नाही. महिपतीकडे गेलो. आपल्याकडे कुणाच्या पोरीला सासरचे नांदवत नसले की गावातली चार माणसं जातात, सासऱ्याच्या ओट्यावर बसतात, बोलतात, भांडतात. सखारामच्या पोरीच्या वेळी गेलो होतो, मीही होतो. म्हटलं, आपल्यासाठीही येतील. सखारामही तिथे बसला होता. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

महिपतीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा, तुमी म्हनता लगीन झालं. कंदी झालं?"

मी म्हणालो, गेल्या जूनला.

"मंग आमी कुटं अक्षता टाकल्या? मांडवात आमी न्हाई, पंगतीत आमी न्हाई. मी तुमाला पारावर इचारलं तवा तुमी म्हनला, पुन्याला शिकती. आता लोनावळ्याला जाऊन त्या श्रीपादरावाला काय सांगायचं? जे लगीन आमी डोळ्यानं बगितलं न्हाई त्यासाटी आमी भांडायचं?"

सखाराम म्हणाला, "आबा, तुमी आमाला परकं केलं." त्याला रागही नव्हता. चहा पाजला आणि काठी हातात दिली.

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. श्रीपादराव म्हणतात लग्न झालं नाही. गाव म्हणतं लग्न झालं नाही. झालं असं म्हणणारा मी एकटा, आणि मी बहिरा. जे झालंच नाही असं सगळे म्हणतात ते मोडायला मात्र वर्षभर थांबायचं, हा कसला कायदा?

तू जेवतेस का? तेवढं तरी लिही.

कोंडाजी


पुणे
१० फेब्रुवारी २०२५

आबा,

जेवते.

परीक्षेचा निकाल लागला. पास झाले. बोलण्याच्या भागात सगळ्यात चांगले गुण आहेत. परीक्षक बाई समोर बसल्या होत्या, मी सांगितलं, माझं नाव प्रेरणा, मी बेडशाची, मराठी आणि हिंदी बोलते, माझं लग्न झालं आहे, माझा नवरा जर्मनीत असतो. त्या मान डोलवत राहिल्या. एकटी तीच बाई, जिने माझ्यावर विश्वास ठेवला.

धवलचा फोन आला होता, मीटिंग नव्हती. म्हणाला, तू समजूतदार आहेस म्हणून सोपं झालं. मी विचारलं, त्या खिडकीतल्या झाडाचं नाव कळलं का. त्याला आठवलं नाही कुठलं झाड. आबा, मी त्या घरातले कचऱ्याचे चार डबे कुठे ठेवायचे तेसुद्धा मनात ठरवलं होतं.

मी पुढचा वर्ग लावला आहे. सकाळी एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, संध्याकाळी क्लास. नवरा नसला तरी भाषा माझी आहे, ती मी कुणाला परत देणार नाही. तिकडे आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला शिकवतात आणि शिकताना पगार देतात. त्याला बरंच जर्मन यावं लागतं. गुडघ्याचा अनुभव आहेच.

प्रेरणा


बेडसे
१ फेब्रुवारी २०२६

चि. प्रेरणा,

तू कोर्टाचं काम आटपून परस्पर पुण्याला गेलीस, घरी आली नाहीस. निलेश म्हणाला, दोन सह्या झाल्या आणि सुटलं. धवल आला नव्हता, त्याचा कागद आला होता.

वर्षभर तू फार थोडं लिहिलंस. माझीही पत्रं कमी झाली. तरी हे लिहितो कारण निलेशला लिहायचा धीर होत नाही.

नवलाख उंबऱ्याचं एक स्थळ आलं आहे. मुलगा निलेशच्या कंपनीत सुपरवायझर. घर बरं आहे, आईबाप साधे आहेत. निलेशने बायोडाटा दिला. त्यात अविवाहित लिहिलं आहे. मला विचारलं, मी म्हणालो, लिही. पोरी, कुणालाच माहीत नाही. महिपती आणि सखाराम बोलणार नाहीत, मी त्यांना गळ घातली आहे. देवाने एवढं तरी झाकून ठेवलं. ते लोक रविवारी पंधरा तारखेला बघायला येणार आहेत. तू आदल्या दिवशी ये. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

बरणी फडताळात आहे, तांदळाला अजून कीड लागलेली नाही.

कोंडाजी


पुणे
६ फेब्रुवारी २०२६

आबा,

नव्या वर्गाचा पहिला दिवस होता. मॅडम नवीन आहेत. परत ओळख करून द्यायला सांगितली. मी उभी राहिले. माझं नाव प्रेरणा. मी बेडशाची. इश बिन गेशीडन. माझा घटस्फोट झाला आहे.

मॅडम म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, उच्चार थोडा सुधारायला हवा.

मी पंधरा तारखेला येणार नाही. एकदा माझं लग्न झालं ते तुम्ही लपवलंत. आता मोडलं तेही लपवायचं म्हणता. आबा, लपवायचं नाही असं माझ्या आयुष्यात तुमच्या मते काही आहे का? असेल तर कळवा.

प्रेरणा


बेडसे
१९ फेब्रुवारी २०२६

चि. प्रेरणा,

तुझ्या पत्राचं उत्तर लगेच लिहिलं नाही.

महिपतीच्या नातवाचा साखरपुडा तेरा तारखेला होता. अख्खं गाव होतं, नवलाख उंबऱ्याच्या स्थळाचीही माणसं होती, ती महिपतीची सोयरी निघाली. मी खुर्चीवर बसलो होतो. शेजारी धोंडिबा बसला, त्याने विचारलं, "आबा, आता नातीचं कंदी?" रोज विचारतात तसंच. तोंडात माझ्या नेहमीचं उत्तर तयार होतं.

मी म्हणालो, "तिचं लगीन झालं हुतं. लोनावळ्याच्या पोराशी. मी सही केलीया. त्यांनी तिला मोलकरनीवानी वापरली आन सोडली. गेल्या म्हयन्यात कोर्टात मोडलं."

तुला ठाऊक आहे, मला ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने बोलतो. बँड थांबलेला होता. निलेश पंगतीत वाढत होता, त्याच्या हातातली बादली तिथेच राहिली. धोंडिबाने पान तोंडात टाकलं आणि दुसरीकडे बघायला लागला. मला वाटलं होतं निदान एखादा तरी म्हणेल, आबा, आधी का सांगितलं नाही. महिपतीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि कुणीतरी हाक मारली तिकडे गेला.

दुसऱ्या दिवशी नवलाख उंबऱ्याहून फोन आला, येत नाही म्हणून. निलेश माझ्याशी बोलत नाही. जेवायला ताट सरकवतो आणि उठून जातो. कंपनीत त्याला त्याच सुपरवायझर मुलाच्या हाताखाली काम करायचं आहे, ते मला आधी सुचलं नाही. तुझी आई म्हणते, "आता सांगून काय मिळालं?" ज्या वर्षी सांगायचं होतं त्या वर्षी मी पारावर तंबाखू मळत होतो.

तू विचारलंस ते एवढंच कळवायचं होतं. आता गावात लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. तू ये किंवा येऊ नको. आलीस तर पुढच्या दाराने ये.

काल घरात भरडून आणलेला तांदूळ संपला होता. तुझ्या आईने फडताळातली बरणी काढली, माझ्याकडे एकदा बघितलं. मी म्हणालो, टाक. भात चांगला मोकळा झाला. मी आणि ती दोघेच जेवलो. एवढा निवडलेला तांदूळ, एकही खडा लागला नाही.

आबा